चढत्या क्रमाने

८ जानेवारी, बुधवार

ताई आणि मी आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या जिन्यावर बसलो होतो. मी आठ वर्षांची, ताई दहाची. दोघींत एकच पेन्सिल उरली होती. ताईने ती दोन्हीकडून तासली आणि म्हणाली, "हे टोक तुझं, ते माझं. मधलं लाकूड दोघींचं." मग आम्ही एकाच पानावर समोरासमोरून मुख्याध्यापिका मदरच्या टोपीची चित्रं काढली आणि हसून हसून उचक्या लागल्या. बाकी काहीच घडलं नाही त्या दिवशी. साठ वर्षं होत आली. आज सकाळी मुंगीची पेन्सिल तासताना ते सगळं आठवलं आणि वाटलं, पुन्हा दैनंदिनी लिहावी.

मुंगी म्हणजे माझी नात. दहा वर्षांची, पाचवीत. सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून नेत असते, म्हणून मुंगी. जावयाची बदली दूर झाली, तेव्हापासून लेक आणि ती माझ्याकडे राहतात. लेक इस्पितळात रक्त तपासते, तिच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे मुंगीचा अभ्यास ओघानेच माझ्याकडे आला.

काल तिचं प्रगतिपुस्तक मिळालं. गणितात 'क'.

एकतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि माझ्याच घरात 'क'. शाळेच्या फाटकाशी कुणाची तरी आई म्हणाली, "टीचरची नात म्हटल्यावर काय, गणित घरचंच!" मी "हो ना" म्हटलं आणि प्रगतिपुस्तक पिशवीत पालथं घातलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इथे खोटं लिहायचं कारण नाही: मला मुंगीची काळजी वाटली नाही, लाज वाटली.

९ जानेवारी, गुरुवार

शाळेत फोन केला. हल्लीच्या मुख्याध्यापिका एके काळी माझ्या हाताखाली होत्या. विचारलं, "क म्हणजे नक्की किती?"

"टीचर, आता आकडा सांगत नाही आम्ही. मुलांना ताण येतो, म्हणून तर अक्षरं आणली."

"अगं, मी काय बाहेरची आहे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच, "एक्केचाळीस."

फोन ठेवल्यावर जरा बरं वाटलं. आकडा कळला की कुठून सुरुवात करायची ते कळतं. मुंगीच्या गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवला. तिने पाहिलाच.

"हा कुणाचा?"

"तुझा. आता आपल्याला तो वाढवायचाय."

"पण शाळेत तर माझा असा काही नव्हता," ती म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार

मुंगीला आजपासून माझ्या शिकवणीत बसवलं. निवृत्त झाल्यावर वेळ जावा म्हणून आसपासची सात मुलं घेतली होती, ती आता आठ झाली. जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. दर शनिवारी वीस गुणांची चाचणी. मी तिथल्या तिथे तपासते, तोवर मुलं गच्चीवर खेळतात, मग पेपर वाटते.

पेपर वाटायची माझी एक रीत आहे. माझ्या लहानपणी शाळेत मदर व्यासपीठावर उभी राहून नाव आणि गुण मोठ्याने वाचायची. ताईचा आकडा आला की जरा थांबायची, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. ताई खाली बघून बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची. तेव्हाच मी कानाला खडा लावला, की आपण शिक्षिका झालो तर कुणाचे गुण उच्चारायचे नाहीत. एकतीस वर्षांत एकदाही उच्चारले नाहीत. मी पेपर चढत्या क्रमाने लावते, प्रत्येकाची घडी घालते आणि फक्त नाव घेते. मूल येतं, आपला पेपर घेतं, जातं. कुणाला काही कळत नाही.

आज पहिलं नाव शेजारच्या शिवणकामवालीच्या मुलीचं. तिला मी मनातल्या मनात गोगलगाय म्हणते. मुलंही तेच म्हणतात असं आज कळलं. पेपर घेताना तिचे डोळे भरून आले. मुंगी तिसरी. नातीला झुकतं माप दिलं नाही याचा थोडा अभिमानही वाटला.

१८ जानेवारी, शनिवार

मुंगी दुसरी. म्हणजे खालून.

मला उमगत नाही. सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून अपूर्णांकांची बेरीज तोंडी बरोबर सांगते आणि दुपारी कागदावर चुकते. दोन उदाहरणांत तर बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलंय. खोडलेलं उजेडात वाचता येतं. घाई नडते पोरीला. तिला म्हटलं, "नीट अभ्यास केलास की तुझं नाव पुढे पुढे जाईल."

"मग पहिलं कुणाचं घेशील?"

"जिला कमी असतील तिचं."

"म्हणजे कुणाचं तरी घेशीलच."

"हो, कुणापासून तरी सुरुवात करायला हवी ना."

ती बराच वेळ टेबलावरचे खोडरबराचे कण गोळा करत बसली. त्यांची एक लहानशी रास केली आणि फुंकून टाकली.

२५ जानेवारी, शनिवार

आज पहिलं नाव मुंगीचं घ्यावं लागलं. आवाज जराही बदलू दिला नाही. ती उठली, आली, पेपर घेतला. डोळा चोळत होती. दुसरं नाव गोगलगायीचं. ती अशी उड्या मारत घरी गेली की तिची आई गॅलरीतून म्हणाली, "टीचर, आज माझी पोरगी हसत आली हो! तुमच्या हाताला यश आहे." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी मुंगीची गणिताची वही पाहिली. पानांच्या सांध्यात बारीक काळे केस अडकलेले. रंगाच्या ब्रशचे असणार. वही झटकून ठेवत जा, असं तिला बजावलं.

३० जानेवारी, गुरुवार

मुंगीच्या डाव्या डोळ्याची पापणी सुजली आहे. पापण्यांचे केसही विरळ दिसतात. औषधांच्या दुकानातून थेंब आणले आणि दोनदा घातले. लेक कामावरून आली तेव्हा तिला दाखवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आठवडाभर असेल. धूळ असते शाळेत."

"आई, धुळीने केस गळतात का?"

"मी काय डॉक्टर आहे? तू इस्पितळात असतेस ना, तू सांग."

"मी नळीतलं रक्त बघते, माणूस बघत नाही," लेक म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मुंगी हसली नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, चिमूटभर मीठ घालताना घासतात तसं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सिंकखालचा नळ आठवडाभर गळत होता, त्यासाठी नळवाला आला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. वर पाहून म्हणाला, "टीचर! ओळखलंत का?" मी ओळखलं नाही, पण हो म्हटलं. माझा जुना विद्यार्थी. ही अशी मुलं गावभर भेटतात आणि सगळी पोट सुटलेली असतात.

तो सिंकखाली आडवा होता, तेव्हा इकडे मी पेपर वाटायला घेतले. पहिलं नाव, "मुंगी." आत पाना पडल्याचा आवाज झाला. नळवाला हात पुसत दारात आला.

"टीचर, अजून तीच पद्धत?"

"कुठली?"

"पहिलं नाव म्हणजे ढ, शेवटचं म्हणजे हुशार!"

मुलं हसली. पण त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही, ते माझ्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "असं काही नाही. मी गुण कधी सांगितलेच नाहीत."

"सांगायला कशाला हवेत? घडी उघडली की आकडा दिसतो. दोघांनी शेजारी शेजारी उघडल्या की क्रम कळतो. गणितात ढ होतो आम्ही, पण इतके नव्हतो." पुन्हा हशा. तो रंगात आला होता. "दोन वर्षं पहिलं नाव माझंच. अजून दवाखान्यात कंपाउंडरने पहिलं माझं नाव पुकारलं ना, तर मी खुर्चीला चिकटून बसतो. बायको म्हणते, अहो, नंबर लागलाय, उठा की!"

मग त्याने मुंगीकडे पाहिलं. त्याचं हसू जरा ओसरलं. "चल गं, पाना धर जरा. मला एक हात कमी पडतोय." ती त्याच्याबरोबर आत गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही. मी बोलावलं नाही.

नळ छान झाला. पण मुलांसमोर असं बोलायला नको होतं. मला लागलं. त्याला चहा दिला नाही, हेही लिहून ठेवते.

दोन वर्षं म्हणजे शंभरेक वेळा झाल्या. असं कसं होईल? मला त्याचा चेहरा आठवायला हवा होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीने सुट्टी काढून मुंगीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. त्यांनी दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, भिंग लावून पाहिलं आणि मुंगीला बाहेर माशांची टाकी बघायला पाठवलं.

म्हणाले, "डोळ्याला काही झालेलं नाही. केस गळत नाहीयेत. ती ते उपटतेय."

मी म्हटलं, "शक्य नाही. माझ्या डोळ्यासमोर असते ती दिवसभर."

लेक माझ्याकडे वळली. डॉक्टर म्हणाले, मुलांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. चिठ्ठी लिहून दिली.

घरी येऊन मुंगीची वही काढली. पानांच्या सांध्यातले ते केस एका टोकाला किंचित वळलेले होते. मी ते ब्रशचे समजले होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगी त्या बाईंकडे तासभर होती. आत फक्त लेकीला घेतलं, मी बाकावर बसले. समोर एक मुलगा आईच्या मोबाईलवर खेळत होता आणि दर मिनिटाला "हरलो" म्हणत होता.

घरी येऊन लेकीने मुंगीला खेळायला पाठवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"तिला विचारलं, कधी करावंसं वाटतं. ती म्हणाली, शनिवारी. आजी नावं घ्यायला लागली की. बाईंनी विचारलं, का गं? तर म्हणाली," लेकीने ओट्याची कड धरली, "म्हणाली, तेव्हा दुसरं काहीतरी दुखलं की नाव ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मी गुण कधी सांगितलेच नाहीत." हे दुसऱ्यांदा म्हटलं. दहा दिवसांत दुसऱ्यांदा.

"आई, मीपण होते तुझ्या वर्गात. सहावी आणि सातवी."

"तुझं काय? तुझं नाव तर कायम शेवटी यायचं."

"एकदा शेवटून दुसरं आलं. त्या दिवशी मी दोन तास बसथांब्यावर बसून होते. तू विचारलंस, उशीर का? मी म्हटलं, बस चुकली. तू म्हणालीस, बरं, हातपाय धू." तिने फडकं घेऊन ओटा पुसला. "आई, आपण शाळेत चालत जायचो. बसने कधी गेलोच नाही."

मला ती संध्याकाळ आठवत नाही. प्रयत्न करूनही आठवत नाही. माझ्या हातात तेव्हा तपासायचे पेपर असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मदर निदान मोठ्याने वाचायची. ताईला लपायला नाडी तरी होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी घेतली नाही. मुलं आली तेव्हा सांगितलं, शिकवणी बंद. एकाने विचारलं, "टीचर, म्हणजे परीक्षेत पास झालो का आम्ही?" मी हो म्हटलं. एवढ्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गच्चीवर पळाली. आपण शिकवणं सोडल्यावर कुणी रडेल, असं मनात कुठेतरी होतं.

मुंगी गेली नाही. टेबलाशीच बसली होती. उजव्या डोळ्याच्या पापणीलाही आता मधे मोकळी जागा दिसते. मी समोर बसले. शिकवायला बसते तशी बसले होते, ते ध्यानात आल्यावर उठून तिच्या बाजूच्या खुर्चीवर गेले.

"मुंगे, मी चुकले."

"किती?"

"सगळंच," म्हटलं.

तिने विचार केला. "सगळं नाही. दूध बरोबर गरम करतेस. माझं तोंड भाजत नाही." मग म्हणाली, "आणि मोठ्या पायऱ्यांवर हात धरतेस. तेही बरोबर."

ती मला गुण देत होती. मीच शिकवलंय. मी उठून सिंकशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मागून तिने विचारलं, "आता गोगलगाय कुणाकडे शिकणार?"

"तिची आई बघेल."

"तिला अपूर्णांक येत नाहीत अजून. पहिलं नाव आलं की रात्री अंथरूण ओलं होतं तिचं. कुणाला सांगू नकोस."

ती खोडलेली बरोबर उत्तरं माझ्या डोळ्यांपुढे आली. मुद्दाम चुकवलीस का, असं विचारणार होते, पण विचारलं नाही. हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं? आणि नाही म्हणाली असती, तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नळवाल्याच्या दुकानात गेले. तो नळ्या मोजत होता. स्टूल पुसून दिलं, मी उभीच राहिले. म्हटलं, तू म्हणालास ते खरं होतं, मला कळायला हवं होतं.

तो कानकोंडा झाला. "अहो टीचर, मी गंमत केली. जाऊ द्या की. आमचं काय बिघडलं? धंदा चाललाय."

"तुझा मुलगा कितवीत आहे?"

"सातवीत. हुशार आहे, आईवर गेलाय." मग नळीच्या तोंडात बघत म्हणाला, "त्याचं प्रगतिपुस्तक बायको बघते. मी नाही उघडत."

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीने सांगितलं. तिच्या इस्पितळाजवळ दोन खोल्या मिळाल्या आहेत. पुढच्या शनिवारी जातील. बाई म्हणाल्या, मुंगीला काही महिने असं घर हवं, जिथे शनिवार इतर वारांसारखा असेल.

मी म्हटलं, "मी शिकवणी बंद केलीय. मी एक शब्द बोलणार नाही अभ्यासाचा."

"तू बोलायची गरजच नसते, आई. तू तिच्या वहीकडे बघतेस ना, तेवढं पुरतं."

मी भांडले. म्हटलं, तुझ्या पाळ्या असतात, पोर एकटी राहील. लेक म्हणाली, शेजारी पाळणाघर आहे. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. हे तोंडातून निघालं आणि मलाच ते ऐकू आलं. जानेवारीत 'क' पाहून मला जे वाटलं होतं, तेच होतं हे. नात चालली, आणि माझं लक्ष फाटकाशी उभ्या असलेल्या बायांकडे.

थोड्या वेळाने लेक म्हणाली, "रविवारी आणेन तिला. पण तिला यावंसं वाटलं तरच. तिला विचारून. तू फोन करून विचारायचं नाहीस."

"आणि नाही आली तर?"

"तर नाही आली."

१ मार्च, शनिवार

दहा वाजता टेम्पो येईल. लेक बांधाबांध करते आहे, मुंगी शेजारी गोगलगायीकडे गेली आहे. दोघींचं हसणं इथवर ऐकू येतं. मला आयत्या वेळी काही सुचत नाही, म्हणून काय कुणाला द्यायचं ते इथे लिहून ठेवते आणि हे पान लेकीला दाखवते.

लेकीला: मोठी पातेली, दूध गरम करायचं जाड बुडाचं भांडं, दोन्ही रजया. शिवणाचं यंत्रही तिने न्यावं. माझे हात आता थरथरतात. आणि ही दैनंदिनी. आज नको, तिला सवड होईल तेव्हा. बसथांब्याचं पान मी फाडणार होते. फाडलेलं नाही.

शिवणकामवालीला: जेवणाचं टेबल. कापड बेतायला तिला लांबरुंद फळी हवीच होती. खुर्च्याही तिनेच घ्याव्यात, त्या मला आता आठ लागत नाहीत. गोगलगायीचं एक गुपित मला ठाऊक आहे, असं तिला कळू देऊ नये. मुंगीने कुणाला सांगू नको म्हटलं होतं.

सात मुलांना: त्यांचे जुने पेपर माझ्या कपाटात आहेत. ते मी स्वतः घरोघरी नेऊन देईन, ज्याचं घर वाटेत आधी लागेल त्याला आधी.

मुख्याध्यापिकेला: एक चिठ्ठी, की तो आकडा मी तिच्याकडून काढून घेतला, तिचा दोष नाही.

नळवाल्याला: काही नाही. त्याला काहीतरी भारी द्यावं असं दोन आठवडे मनात येतंय. पण ते देऊन मला मोकळं व्हायचंय, त्याला नकोय ते.

मुंगीला: खिडकीजवळची वेताची खुर्ची आणि तिने वाहून आणलेल्या सगळ्या वस्तू. शंख, तुटकी कुलपं, बटणांचा डबा. त्या मोजू नयेत, लावू नयेत, जशा आहेत तशा खोक्यात भराव्यात. गणिताचं पुस्तकही तिचंच, पण पहिलं पान मी काढून घेतलं आहे. नवीन घरी तिची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवू नये. कुणी मागून येऊन वहीत डोकावलेलं तिला आवडत नाही, हे मला आता कळतं.

आणि मला: रविवार. तोही मुंगी देईल तेव्हा.